न धुतलेली कोंबडी

राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर. आताही तसाच आहे, तेव्हा तर विचारूच नका.

थोरली अक्का बाळंतपणाला माहेरी, जळकोटजवळच्या आमच्या गावी आली होती. तिच्या अंगात रक्त नाही, बाळाला दूध पुरेना. दुष्काळात तेरावा महिना. रोज एक अंडं तरी तिच्या पोटात गेलंच पाहिजे, असं सुईण बजावून गेली. घरात चार कोंबड्या, पण अंडं देत होती एकटी काळी, तीही दिवसाआड. आमची कबरी अंड्याला पक्की. पण दाणापाणी पुरेना म्हणून मायनं तिला दोन महिन्यांपूर्वी कंधारला मावशीकडं ठेवलेलं. मी एसटीनं जाऊन तिला घेऊन आले.

मावशीच्या गल्लीत सगळ्यांच्याच कोंबड्या मोकळ्या. आपली ओळखू यावी म्हणून तिनं कबरीच्या पाठीला लाल रंग फासला होता. निघताना म्हणाली, "आधी रंग धुऊन काढ. मग चार दिस डालग्याखाली ठेव, एकमेकींला बघू दे, मंगच सोड. हितल्यांला सवय झालीया, पण नव्या कोंबड्या लाल दिसलं की लई वंगाळ टोचत्यात."

डालग्याखाली ठेवली. धुतली मात्र नाही. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झालेला. आता कलेक्टर जवळ आला, टँकर रोज येईल, असं माणसं म्हणायची. कलेक्टर आला, टँकर आठवड्यातनं एकदाच. त्या एका घागरीसाठी मी एका बाईचे केस ओढले होते आणि तिनं माझ्या कपाळात कळशी हाणली होती. ते पाणी मी कोंबडीच्या पाठीवर ओतू? माय दिवसभर खडी फोडायला जायची. मावशीचं बोलणं मी तिच्या कानावर घातलंच नाही.

पाचव्या दिवशी सकाळी डालगं उचललं. काळी सरळ कबरीच्या पाठीवर आली. दोन टोचींत पिसं उडाली, खालचं खरं रक्त दिसलं आणि बाकीच्या तिघीही तुटून पडल्या. कबरी भिंतीच्या कोपऱ्यात दबली. मी हात घातला तर माझी बोटं फोडली. तिच्या पाठीचं मांस उघडं पडलं होतं आणि काळी त्यात चोच घालून ओढत होती. माझं डोकं फिरलं. पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि काळीच्या डोक्यात घातला. एका दणक्यात ती मेलीच होती. मी आणखी दोनदा हाणला. पंख बराच वेळ फडफडत राहिले.

बाकीच्या पांगल्या. कबरीची मान लोळत होती. घागरीतलं पाणी ओंजळीनं पाजलं, ते चोचीतनं तसंच बाहेर आलं. तीही गेली.

बाळाला छातीशी धरून अक्का दारात आली. बाळ चोखायचं, सोडायचं, रडायचं. तिनं आधी कबरीकडं बघितलं, मग काळीकडं.

"दोन्ही बी?"

मी "हाव" म्हणाले. ती मला शिव्या देती तर बरं वाटलं असतं. माझे हात रक्तानं भरलेले. तिनं तशाच हातांत बाळ दिलं.

"धर," ती म्हणाली. "आता तूच गप कर त्याला."