सुपारीच्या बटव्यातली गोळी

आमच्या घराण्यात बी.एस्सी. झालेला मी पहिला. चंद्रपुरातल्या एका दवाखान्यात फुंकेची तपासणी मी करायचो. औषधी पाणी प्यायचं, मग पिशवीत फुंकायचं. पोटात जंतू असेल तर श्वासातच कळतं.

एकदा सावली तालुक्यातली एक म्हातारी पोट दुखतं म्हणून आली. घशातून दुर्बीण घालू द्यायला ती मुळीच तयार नव्हती, म्हणून डॉक्टरांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

"बाई, अॅसिडिटीचं औषध चालू आहे का?"

"नाई बाप्पा."

मी पाणी कालवत होतो, तेवढ्यात तिनं कमरेचा बटवा सोडला. सुपारीच्या खांडांतून एक गोळी काढून माझ्यापुढे धरली.

"घे बाबू. उपाशी दिसून राह्यला, जळत असन."

"बाई, हेच तर औषध!"

"हे? हे तं आमच्या घरी जेवणाआधी सारेच खातेत."

ती खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी औषध म्हणजे बाटलीतलं, कडू. पण त्या गोळीनं जंतू दबतो, तपासणी चुकते आणि दुखणं तसंच राहतं. डॉक्टरांनी तिला पंधरा दिवस गोळी सोडून बोलावलं.

"अन् जळलं तं?" तिनं मलाच दटावलं.

पंधरा दिवसांनी आली तेव्हा जळजळीनं गाल बसले होते. पिशवी मात्र तिनं ओली लाकडं पेटवावीत तशी फुंकली. जंतू सापडला, आता नेमकं औषध मिळणार होतं. हरवलेली शेळी सापडल्यासारखी ती हसली आणि पुन्हा बटवा सोडू लागली. मी हात मागे घेतला.

"भिऊ नको बाबू, आता नुसती सुपारीच हाये."

मी सुपारी खात नाही. त्या दिवशी खाल्ली.