वाट चुकलेली गाठ

दवाखान्याच्या लॅबमध्ये किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते बरण्यांतून येतात. बरणीवरच्या चिठ्ठीत नाव आणि वय एवढंच असतं. बाकीचं माणसं दारात उभी राहून सांगतात. सत्तर सालानंतरची दोन-तीन वर्षं मी नगरच्या एका दवाखान्यात टेक्निशियन होते. आमचे पॅथॉलॉजिस्ट म्हणजे साठे डॉक्टर. वस्तू जागेवर नसली की त्यांना चैन पडायचं नाही, आणि नेमक्या तसल्याच केसेस आमच्याकडे यायच्या.

*

घोडेगावच्या बाजारात बैलांचा व्यापार करणारे एक आजोबा आले. एक्स-रेमध्ये हृदय उजवीकडे. फिल्म उलटी लावली म्हणून एक्स-रेवाल्याला बोलणी बसली. दुसऱ्यांदा काढला, तिसऱ्यांदा काढला, हृदय उजवीकडेच. आजोबा सदरा घालत शांतपणे म्हणाले, "काळीज उजवीकडंच हाय माजं. ल्हानपनापासनं ठावं हाय. तुमी इचारलंच न्हाई."

*

एकदा अंडाशयातली गाठ कापताना सुरीला काहीतरी टणक लागलं. पाहिलं तर दाढ, शेजारी केसांचा पुंजका. लॅब झाडणाऱ्या यमुनामावशी तीन दिवस आत पाऊल टाकेनात. चौथ्या दिवशी दारातूनच विचारलं, "दाढ किडलेली हुती का?"

डॉक्टरांनी खरंच भिंग घेऊन पाहिलं. किडलेली नव्हती.

*

गोदाबाई राहुरीच्या पुढच्या एका खेड्यातली, पंचविशीची. उजव्या फुप्फुसात सुपारीएवढी गोल सावली. टीबी धरून सहा महिने इंजेक्शनं झाली. थुंकी दर वेळी मीच तपासली. जंतू एकदाही सापडला नाही, आणि सावलीही हलली नाही. गावाला मात्र टीबी हा शब्द पुरला होता. तिच्या लेकराला कोणी आपल्या पोरांत खेळू देत नव्हतं. हे तिच्या सासूबाई सांगायच्या. गोदाबाई भिंतीकडे बघत बसायची.

*

शेवटी पुण्याहून येणाऱ्या सर्जननी ती गाठ काढली. मी स्लाइड केली. डॉक्टरांनी पाहिली आणि मान वर न करता म्हणाले, "सुमन, ही थायरॉइड आहे. गळ्यातली ग्रंथी. तू बरण्या बदलल्यास."

त्याच आठवड्यात एका बाईचं गलगंडाचं ऑपरेशन झालं होतं, तिचीही बरणी आली होती. दोन्ही बरण्यांतून नव्याने तुकडे कापले, नव्याने स्लाइडी केल्या. दोन्हींत थायरॉइडच.

डॉक्टर तडक वॉर्डात गेले आणि गोदाबाईचा गळा चाचपून आले. गळ्यात गाठ नव्हती. मग त्यांना वेगळीच काळजी लागली. गळ्यातला कॅन्सर फुप्फुसात पसरतो. हे तेच असेल तर? स्लाइड मुंबईला पाठवली. उत्तर यायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस डॉक्टर जेवतानाही पुस्तक उघडं ठेवायचे.

मुंबईहून कळलं की पेशी साध्या आहेत, कॅन्सर दिसत नाही. आईच्या पोटात असतानाच ग्रंथीचा एखादा तुकडा वाट चुकून तिथं राहिला असावा. यातला 'असावा' डॉक्टरांनी दोनदा वाचून दाखवला. दरवर्षी तपासायला यायचं ठरलं.

*

घरी जायच्या दिवशी डॉक्टरांनी गोदाबाईला आणि सासूबाईंना लॅबमध्ये बोलावून सगळं समजावलं. टीबी नव्हताच, हेही सांगितलं. गोदाबाईने ती गाठ बघायला मागितली. मी मायक्रोस्कोप लावून दिला. ती बराच वेळ बघत राहिली. गुलाबी गोल, कडेनं ठिपके.

"हे तिथं बसून काय करत हुतं?" तिनं विचारलं.

"गळ्यातली ग्रंथी करते तेच. आपलं काम," डॉक्टर म्हणाले.

"आन् आमी त्याला सा म्हयने सुया टोचल्या."

मी दिवा मालवला आणि स्लाइड काढून पेटीत ठेवली. तेवढ्यात सासूबाई पदर खोचून पुढं झाल्या. मलाबी बघू द्या, म्हणाल्या, गावाला मलाच सांगायचं हाय. मी काही म्हणायच्या आत त्यांनी नळीला डोळा लावला. डॉक्टरांनी मला हातानेच थांबवलं.

त्या अंधाऱ्या नळीत त्यांनी नीट, सावकाश पाहिलं. मग ताठ उभ्या राहिल्या आणि सुनेला म्हणाल्या, "न्हाई. ह्यात टीबी कुटंच न्हाई. मी सोता बघितलंय."