पत्रिका जुळत नाही

लिमयेबाईंच्या टेबलावर पुस्तक कधी नसायचं. स्टीलचा एक रिकामा पेला आणि एक चमचा, एवढाच सरंजाम. समोरचा माणूस बोलता बोलता आडवळणाला लागला की बाई पेल्यावर चमचा मारायच्या. टण्ण! आणि विचारायच्या, "हो की नाही?"

पहिल्याच दिवशी तो टण्ण माझ्या वाट्याला आला. यवतमाळहून पुण्याला येऊन मला थोडेच दिवस झाले होते. खराडीतल्या कंपन्यांच्या मुलाखतींत मी इंग्रजीवर आपटत होते, म्हणून कुणीतरी बुधवार पेठेतल्या या क्लासचा पत्ता दिला. खाली स्पीकर आणि वायरींचं दुकान, वर बाईंची खोली. धापा टाकत जिना चढले तर बाईंचा प्रश्न तयार.

"उशीर का झाला?"

"मी निघालीच होती बाई, पण काय झालं, तो सिग्नल, अन् मग बस पण..."

टण्ण! "झोपून राहिलात. हो की नाही?"

"हो."

"मग तसं म्हणा. बसा. पंख्याखाली बसा, घाम आलाय."

अपमान आणि पंखा एकाच दमात फक्त पुण्यातच मिळतो. त्या दिवसापासून मी बाईंची भक्त झाले.

बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांची शिकवण्याची रीत अशी, की सोमवारी फळ्यावर एकच क्रियापद लिहायचं आणि आठवडाभर ते गावभर घेऊन हिंडायचं. "शब्द पाठ कसले करताय? त्याला चार माणसं भेटवून आणा, म्हणजे तो तुम्हाला ओळख देईल," असं त्या म्हणायच्या.

एका सोमवारी फळ्यावर शब्द आला: प्रिव्हॅरिकेट.

"खोटं बोलणं," मागून कुणीतरी ठोकून दिलं.

"चूक. खोटं बोलणारा निदान कष्ट घेतो, काहीतरी रचतो. हा तेवढंही करत नाही."

"उडवाउडवी करणं?" मी म्हटलं.

"जवळ आलात."

"ताकास तूर लागू न देणं," गद्रेकाका सावकाश म्हणाले.

"वा!" बाई चक्क लाजल्यासारख्या हसल्या. गद्रेकाका आमच्यातले सगळ्यांत ज्येष्ठ विद्यार्थी. बँकेतून निवृत्त, पत्नी जाऊन बरीच वर्षं झालेली. ऑस्ट्रेलियातल्या नातवाशी बोलता यावं म्हणून क्लासला येतो, असं ते सांगायचे. आम्हीही ते खरं मानलं होतं.

मग वर्गात जी झुंबड उडाली! घरात बादली भरल्याचा आवाज येत असताना फोनवर "निघालोच, पाच मिनिटांत पोचतो" म्हणणारा मित्र. ब्लाउज बेतलासुद्धा नसताना "फक्त हूक लावायचेत" म्हणणारा शिंपी. "लग्नाला यायचा नक्की प्रयत्न करतो" म्हणणारे तमाम नातेवाईक. जो तो उभा राहून उदाहरणं फेकत होता. खालच्या दुकानात स्पीकर वाजवून बघत होते, तेही आम्हाला ऐकू येईनासं झालं.

"थांबा, थांबा! शब्द जपून वापरा," बाई म्हणाल्या. "ज्याला उत्तरच ठाऊक नाही तो बिचारा नुसता गोंधळलेला असतो, त्याला हा शब्द लावू नका. उत्तर तोंडाशी आलंय आणि जो ते गिळून दुसरंच काही बोलतो, हा शब्द त्याचा."

"बाई, तुमचं उदाहरण?" मी विचारलं.

बाईंनी पेला हातात घेतला आणि परत ठेवला. "पत्रिका जुळत नाही," त्या म्हणाल्या. "माझ्या तरुणपणी किती घरांतून हाच निरोप यायचा. मुलगी सावळी आहे, तोंडावर बोलते, आम्हाला नको, असं एकालाही म्हणवलं नाही. एका घरी तर मी फार जीव लावून बसले होते. ते सरळ नाही म्हणाले असते, तर चार दिवस रडून मोकळी झाले असते. मी कितीतरी वर्षं मंगळावर चिडून होते. त्या बिचाऱ्याचा काय दोष?"

आम्ही हसलो. गद्रेकाका मात्र हसले नाहीत.

शुक्रवारी उजळणी असायची. एकाने दुसऱ्याला इंग्रजीत प्रश्न विचारायचा आणि त्याने सरळ उत्तर द्यायचं. काकांची पाळी आली. ते उठले, शर्टाची घडी नीट केली आणि बाईंकडे बघत, अजिबात न अडखळता म्हणाले, "मॅडम, विल यू मॅरी मी?"

आम्ही सगळे वळून बाईंकडे बघायला लागलो.

"वाक्य बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "बसा."

काका बसले नाहीत. "वाक्य बरोबर आहे ते मला माहीत आहे. महिनाभर घोकतोय. मराठीत विचारायचा धीर नव्हता. उत्तर काय?"

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. फळ्याकडे बघितलं. मग खाली मान घालून म्हणाल्या, "अहो, या वयात आता... आपली पत्रिका जुळायची नाही."

जे वाक्य त्यांना आयुष्यभर सललं, तेच त्या समोरच्या भल्या माणसाच्या पदरात टाकत होत्या! काकांचा चेहरा उतरला. ते बाकाची कड चाचपायला लागले. काय अंगात आलं कोण जाणे, मी उठले, टेबलाशी गेले आणि चमचा उचलला.

टण्ण!

"बाई, हो की नाही?"

बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, की आता मी जिन्यावरून खाली जाते, असं मला वाटलं. पण मग त्यांचे डोळे भरून आले.

"मला भीती वाटते," त्या काकांना म्हणाल्या. "एवढी वर्षं एकटीने काढली. मला आता जमेल का, ठाऊक नाही. पण तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर, हो."

आम्ही बाकं बडवली, ओरडलो, नाचलो. खालचा दुकानदार काय झालं म्हणून वर धावत आला आणि कळल्यावर त्याने आपल्या सगळ्यांत मोठ्या स्पीकरवर सनई लावली.

लग्न नोंदणी पद्धतीने झालं. निमंत्रणात बाईंनी खाली छापलं होतं, 'येणार की नाही ते स्पष्ट कळवावे. प्रयत्न करतो हे उत्तर धरले जाणार नाही.' सगळे आले. बाई गद्रेकाकांच्या खडकवासल्याच्या घरी जाणार होत्या आणि क्लास बंद होणार होता. माझी खराडीतली नोकरी तोवर पक्की झाली होती.

निघताना मी वाकून नमस्कार केला. मग घाईघाईत म्हटलं, "येते बाई. जमलं की येईन एकदा घरी."

नव्या नवरीने ताटातला चमचा उचलला आणि पाण्याच्या पेल्यावर मारला.

"कधी येणार आहेस?" आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला एकेरीत विचारलं.

"रविवारी," मी म्हटलं.

रविवारी मी गेले.