शिंप्याने ओळखलेली दोरी

त्या चार महिन्यांत मी प्रार्थनेवर जितकं लिहिलं तितकं आयुष्यात कधी लिहिलं नसेल, आणि नेमक्या त्याच चार महिन्यांत माझ्या घरातली प्रार्थना बंद पडली होती. हे कबूल करायला मला बराच काळ लागला. आज ते जसं घडलं तसं सांगतो. त्याला कुणी काय नाव द्यावं हे ज्याचं त्याने ठरवावं.

आम्ही मूळचे नगरकडचे. मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात नोकरी लागली म्हणून तीस वर्षांपूर्वी म्हैसूरला आलो आणि निवृत्तीनंतर इथेच राहिलो. रविवारी कन्नड मंडळीत उपासनेला जातो. शिवाय इथल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांचा व्हॉट्सअॅपवर एक गट आहे. त्या गटावर गेली नऊ वर्षं रोज सकाळी मी एक चिंतन लिहितो. कधी शांतीवर, कधी क्षमेवर, कधी शेजाऱ्यावर प्रीती करण्यावर. दहा-बारा ओळी असतात. लोक हात जोडल्याची चित्रं टाकतात, ‘आमेन’ लिहितात. खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. चहा पिता पिता मी ते आमेन वाचत बसायचो आणि चहा गार व्हायचा.

दसऱ्याची गर्दी ओसरली त्याच आठवड्यात माझी पत्नी करुणा न्हाणीघराच्या दारात कोसळली. पक्षाघात. जीव वाचला, वाचाही वाचली, फक्त शब्द जरा सावकाश येऊ लागले. पाय हळूहळू सुधारला. काठी घेऊन ती घरात हिंडू लागली. डावा हात मात्र खांद्यापासून आखडला तो आखडलाच. मुलगी महिनाभर राहून पुण्याला परत गेली. मग घरात आम्ही दोघंच उरलो. मी भात लावायला शिकलो, सार करायला शिकलो, तिला गाऊन चढवायला शिकलो. डॉक्टर म्हणाले, आता बाहेर पडू द्या, माणसांत जाऊ द्या.

पण करुणा बाहेर पडेना. पहिल्या रविवारी मी तिला तयार करायला गेलो तेव्हा थोडी ओढाताण झाली, ती कळवळली, आणि म्हणाली, “राहू द्या. मला नाही यायचं.” पुढच्या रविवारीही तेच. नाताळची उपासना चुकली. पाळकसाहेब भेटायला आले तर ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही, झोपलीय म्हणून सांगा म्हणाली. ज्या बाईने तीस वर्षं मंडळीत पहिल्या बाकावर बसून गाणी उचलली, जी गॅलरीत कपडे वाळत घालतानासुद्धा मोठ्याने भक्तिगीतं म्हणायची, तिने गाणं टाकलं. संध्याकाळच्या घरच्या प्रार्थनेलाही ती डोळे मिटून नुसती बसायची, आणि नंतर तेही सोडलं.

मी निदान करून टाकलं. करुणा देवावर रुसली आहे, तिचा विश्वास ढळला आहे. आणि यावर माझ्याजवळ औषध तयार होतं. मी रोजच्या चिंतनात तिच्यासाठी लिहू लागलो. नाव अर्थातच घेत नव्हतो. ‘दुःखात आपण देवाकडे पाठ फिरवतो, देव मात्र फिरवत नाही.’ ‘शरीर अधू झालं तरी चालेल, आत्मा अधू होऊ देऊ नका.’ हे शेवटचं लिहिलं त्या दिवशी गटावर आमेनचा पाऊस पडला. त्या सगळ्यांत जोडलेल्या हातांचं एक चित्र करुणाचं होतं. शेजारच्या खोलीत पलंगावर बसून, एका हाताने मोबाइल धरून तिने ते पाठवलं होतं. मी ते माझं यश समजलो. आता येईल पुढच्या रविवारी, असं मला वाटलं.

ती आली नाही. मग फेब्रुवारीतल्या एका सकाळी मी लिहायला बसलो आणि काहीच सुचेना. शांतीवर लिहावं तर मनात राग. प्रार्थनेवर लिहावं तर कालच मी तिच्यावर ओरडलो होतो, “निदान देवासाठी तरी ऊठ!” आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली होती. मी मोबाइल पालथा ठेवला. म्हणालो, प्रभू, नऊ वर्षं तुझ्याबद्दल बोलतोय, आज माझ्याकडे बोलायला काही नाही. मला काही कळत नाहीये. तूच काय ते बघ. एवढीच प्रार्थना. तिला ना सुरुवात होती ना शेवट. त्या दिवशी नऊ वर्षांत पहिल्यांदा गटावर चिंतन गेलं नाही. मी दूध आणायला खाली उतरलो.

आमच्या गॅलरीच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे पांडुरंगण्णांचं शिवणकामाचं दुकान आहे. पाच-सहा पिढ्यांपासून म्हैसुरात राहिलेलं मराठी घराणं, विठ्ठलाचे भक्त. मशीनच्या वर विठोबाची तसबीर, तिला रोज ताजा हार. त्यांचं मराठी अर्धं कन्नडात न्हालेलं असतं, आणि आमचं नगरी मराठी त्यांना पेपरातलं वाटतं, असं ते मला हसत हसत म्हणतात. करुणाचे ब्लाउज वीस वर्षं तेच शिवत आले. त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली.

“साहेब, वंद निमिष, एक मिनिट या की. अक्कांची तब्येत कशी?”

“सुधारतेय,” मी नेहमीचं उत्तर दिलं.

“सुधारतेय म्हणता, अल्वा, नाही का? मग मला एक सांगा, बेजार करून घेऊ नका, वाईट वाटून घेऊ नका.” त्यांनी कात्री खाली ठेवली आणि मान वर करून आमच्या गॅलरीकडे बोट दाखवलं. “मी शिंपी माणूस. दिवसभर ही दोरी माझ्यासमोर असते. चार महिने झाले, अक्कांचा एक ब्लाउज वाळायला पडला नाही. साडी नाही. नुसत्या नाइट्या. नाइटी घालून अक्का कुठं जाणार हो? आमच्या आईलाही असंच झालेलं. हात वर जात नाही, बाहीत शिरत नाही, अष्टे. एवढंच असतं.”

मी गॅलरीकडे बघत राहिलो. दोरीवर करुणाचे दोन गाऊन आणि माझा शर्ट वाळत होता. ती दोरी रोज मीच भरत होतो. माझ्या हातांनी पिळून, झटकून, चिमटे लावून. आणि त्या दोरीवर काय नाही हे रस्त्यापलीकडच्या माणसाला दिसत होतं.

“एक जुना ब्लाउज आणून द्या मला,” ते म्हणाले. “आणि अक्कांना आवडती एक साडी. परवागिल्ल, काही बिघडत नाही, त्यांना आत्ता काही सांगू नका. झालं तर झालं.”

मी कपाटातून चोरासारखा एक निळा ब्लाउज आणि तिची बारीक काठाची पांढरी साडी काढून दिली. तीन दिवसांनी त्यांनी पुडकं हातात ठेवलं आणि उलगडून दाखवलं. ब्लाउजची डावी बाही खालच्या टोकापासून खांद्यापर्यंत आणि तिथून गळ्यापर्यंत पूर्ण उघडत होती, आणि तिला ओळीने टिचबटणं लावली होती, एका हाताने दाबली की बसतील अशी. पुढचे हूक काढून तिथेही तीच. साडीच्या निऱ्या शिवून कमरेला पट्टा केला होता. बाहेरून पाहिलं तर काही कळत नव्हतं. मी आभार मानायला लागलो तर त्यांनी मानच हलवली. “ते सोडा. मशीनवर बसलो की अक्कांचं गाणं ऐकू यायचं वरून. आम्हाला सवय झालेली. चार महिने दुकान सुनं सुनं आहे. चर्चात गेल्या की एक गाणं जोरात म्हणा म्हणावं.”

घरी येऊन मी पुडकं करुणाच्या मांडीवर ठेवलं. तिने उजव्या हाताने बाही उलगडली. एक बटण दाबलं, उघडलं, परत दाबलं. मग ती रडायला लागली. चार महिन्यांत ती माझ्यासमोर पहिल्यांदाच रडली.

“मी देवावर रुसले नव्हते हो,” ती सावकाश, एकेक शब्द उचलत म्हणाली. “त्या रविवारी तुम्ही बाहीत हात घालत होता, जीव गेला माझा. तुम्ही म्हणालात, थोडं सहन कर, उशीर होतोय. मग मला लाज वाटली. देवाच्या घरी गाऊनवर कशी जाऊ? पाळकसाहेबांपुढे कशी येऊ?”

“मग मला सांगायचं नाही का, करुणा?”

“तुम्ही विचारलंत कुठे?” ती म्हणाली. “तुम्ही रोज देवाला विचारत होता.”

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो आणि तिची माफी मागितली. त्या सगळ्या चिंतनांबद्दल, आणि त्या जोडलेल्या हातांच्या चित्राबद्दलही. ती म्हणाली, “ते मी खरंच पाठवलं होतं. चांगलं लिहिलं होतंत. फक्त माझ्याबद्दल नव्हतं ते.”

रविवारी तिने मला खोलीबाहेर उभं केलं आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर थांबलो. आतून टिच असा आवाज यायचा, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टिच. दार ढकलून आत जावं, मदत करावी, असं शंभरदा वाटलं. गेलो नाही. त्या अर्ध्या तासात मी एक शब्दही न बोलता जी प्रार्थना केली, तशी मला लिहिता कधीच आली नाही. मग करुणा बाहेर आली. पांढरी साडी, निळा ब्लाउज, हातात काठी. रस्ता ओलांडून ती आधी पांडुरंगण्णांच्या बंद दुकानाच्या पायरीशी थांबली, शटरला हात लावला, आणि मग रिक्षात बसली.

मंडळीत ती पहिल्या बाकावर जाऊन बसली. गाणं सुरू झालं. तिचे शब्द सावकाश येतात, त्यामुळे सगळे एक ओळ पुढे आणि ती एक ओळ मागे. सगळ्यांचं गाणं संपलं तरी तिची शेवटची ओळ उरलीच होती. पेटीवाल्याने बोटं उचलली नाहीत. तिची ओळ होईपर्यंत सगळी मंडळी थांबली. मला पुढचं काही दिसलं नाही, डोळे भरले होते.

मी चमत्कार पाहिला असं म्हणत नाही. करुणाचा हात अजून तसाच आहे. पण ज्या सकाळी माझे शब्द संपले आणि मी देवाला म्हणालो की तूच बघ, त्याच सकाळी बघणारा एक माणूस समोरच बसलेला निघाला, तोही दुसऱ्या देवाच्या तसबिरीखाली. प्रभूपुढे आंधळा येऊन उभा राहिला तेव्हा त्याला काय हवंय हे प्रभूला दिसत नव्हतं थोडंच? तरी त्याने आधी विचारलं, ‘मी तुझ्यासाठी काय करावं?’ ही गोष्ट मी मंडळीला कितीदा समजावून सांगितली असेल! स्वतःला सर्वस्वी देवाच्या हाती सोपवणं म्हणजे काहीतरी फार मोठं असेल असं मला वाटायचं. माझ्या बाबतीत ते आधी मोबाइल पालथा ठेवण्याएवढंच निघालं.

चिंतन अजून लिहितो. पण त्याआधी करुणाच्या पलंगाशी जाऊन विचारतो, “आज तुला काय हवंय?” बहुतेक दिवशी ती म्हणते, “चहा.” मग मी चहा करतो, आणि ती तो गरम असतानाच पिते. समोर मशीन सुरू होतं तेव्हा ती गॅलरीत येऊन गायला लागलेली असते.