तारेच्या वहीतली अकरा पानं

वह्यांच्या बांधणीविषयी मला आज जे ठामपणे सांगता येतं, ते मी एका रविवारी दुपारी धायरीतल्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर शिकले. शिकताना तळहातांना इतका घाम सुटला होता की पानांवर बोटांचे ठसे उमटत होते.

त्याआधीच्या शुक्रवारी प्रयोगशाळेतली एक कनिष्ठ विद्यार्थिनी माझ्यापाशी आली होती. एक एन्झाइम किती उष्णता सहन करतं, हे मी पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मोजलं होतं. त्यावरचा शोधनिबंध तयार होता आणि परदेशातल्या एका संशोधनवृत्तीचा माझा अर्ज त्या निबंधावर अवलंबून होता. तेच प्रयोग ती पुढे नेत होती.

"ताई, तुमचा साठ डिग्रीचा पॉइंट मला येतच नाहीये. तीनदा केलं. दर वेळी लो येतंय."

"बफरचं द्रावण ताजं केलंस?"

"बफर, ट्यूब्ज, पिपेट, सगळं बदललं. आता फक्त मीच बदलायची राहिलेय."

मी हसले. शेजारच्या टेबलावरच्या आमच्या मार्गदर्शक मॅडम मात्र हसल्या नाहीत. रागावल्या की त्या 'तू'वरून 'आपण'वर येत. म्हणाल्या, "सोमवारी दहा वाजता आपण मूळ नोंदी घेऊन या. सुवाच्य नकोत, मूळ हव्यात. सुवाच्य मी निबंधात वाचलंय."

पण मूळ नोंदी नव्हत्याच.

प्रयोगशाळेचा नियम साधा आहे. यंत्रावर दिसलेला आकडा तत्क्षणी शिवलेल्या, पृष्ठक्रमांक छापलेल्या वहीत शाईने लिहायचा. चुकला तर एक रेघ मारायची आणि तो वाचता येईल असा ठेवायचा. मी मात्र आकडे तारेच्या, म्हणजे स्पायरलच्या, वहीत टिपत असे. संध्याकाळी ते स्वच्छ अक्षरात शिवलेल्या वहीत उतरवायचे आणि कच्चं पान फाडून टाकायचं. शाळेपासून हेच केलं होतं. कच्ची वही, पक्की वही. प्रात्यक्षिकाच्या वहीत टापटिपीला गुण असत आणि मी ते कधी गमावले नव्हते. या सवयीला कुणी खोटेपणा म्हणेल, हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. आमचं यंत्रही जुनं. आकडा पडद्यावर दाखवतं आणि विसरून जातं.

रविवारी मी घरातल्या सगळ्या प्रकारच्या वह्या टेबलावर मांडल्या. घाबरले की मी वर्गीकरण करते. पिना मारलेली शंभर पानी: पिना उचकटल्या की मधला कागद अलगद निघतो, मागे फक्त दोन भोकं. डिंकाने कण्यावर चिकटवलेली: दिसायला देखणी, पण सपाट उघडत नाही, आणि जोर लावला की पानं सुटी होतात, कोणतं आधी गेलं ते सांगता येत नाही. शिवलेली: घडी घातलेले कागद एकात एक ठेवून घडीतून दोरा ओवलेला, त्यामुळे प्रत्येक पानाला पलीकडे एक जोडीदार. एक फाडलं की जोडीचं हलू लागतं, आणि पृष्ठक्रमांकातली फट लपत नाही. तारेची: हातावर दुमडता येते, उभ्याने लिहिता येतं, रोजच्या लेखनाला सर्वांत सोयीची. तिच्यातून काहीही काढता येतं. तारेत कागदाचे बारीक कपटे अडकतात, तेवढाच पुरावा.

मी कपटे चिमट्याने काढले. मुखपृष्ठावर ऐंशी पानं छापली होती. मोजली, एकोणसत्तर भरली.

आई महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती, नुकतीच निवृत्त झालेली. ती चहा घेऊन आली. "वह्यांचं प्रदर्शन लावलंयस का? तिकीट किती?"

मी तिला शुक्रवारचं आणि फाडलेल्या पानांचं सांगितलं. ती समोरची खुर्ची ओढून बसली.

"अगं, खाडाखोड झालेलं पान काढून टाकून नवं लिहायला मीच शिकवलं तुला. आणि शिवलेल्या वहीचं काढायचं तर जोडीचंही काढायचं, म्हणजे वही खिळखिळी होत नाही."

"म्हणजे कळतही नाही."

"तसं नव्हतं म्हटलं मी," ती म्हणाली, आणि समोरची शिवलेली वही मिटून ठेवली.

तिला एक गोष्ट मी सांगितली नव्हती. पक्क्या वहीत साठ अंशांची तीन रीडिंगं होती, तिन्ही एकमेकांना धरून. पण त्या दिवशी मी चार नळ्या घेतल्या होत्या, असं मला अंधुक आठवत होतं. चौथीचा आकडा कमी आला होता आणि 'ही नळी बिघडली' असं ठरवून मी तो उतरवला नव्हता का? की हे शुक्रवारनंतर भीतीने रचलं होतं? डोकं कितीही ताणलं तरी उत्तर येईना. मी फसवणूक केली होती की नाही, हे मलाच ठाऊक नव्हतं.

मग खरी भीती सुरू झाली. समोर तारेची वही उघडी होती. तीन आकडे घाईच्या अक्षरात लिहायचे, एक खोडायचा, कोपऱ्यात जुनी तारीख, बफरचा एक थेंब. पाच मिनिटांचं काम, आणि त्या बांधणीत ते कधीच पकडलं गेलं नसतं. पेनाचं टोपण मी काढलं होतं. तारीख लिहिलीसुद्धा. स्वतःचं अक्षर इतकं सहज घाईचं झालेलं पाहून मी थांबले. आईने पाहिलं. मी टोपण लावलं, पण ते पान फाडलं नाही.

सोमवारी दोन्ही वह्या मॅडमच्या पुढ्यात ठेवल्या आणि सांगायचं ते क्रमाने सांगितलं, त्या लिहिलेल्या तारखेसकट.

"अकरा पानं कचऱ्यात?"

"हो."

"आणि ही सुंदर वही कुणासाठी लिहिलीत? माझ्यासाठी? मी काय गुण देणार होते?"

त्यांनी पक्क्या वहीतलं साठ अंशांचं पान उघडलं.

"चौथं रीडिंग होतं?"

"मला आठवत नाही."

त्यांनी चष्मा काढला. "आपण आणलेल्यातलं हे एवढंच मला मूळ वाटतंय."

निबंध थांबवला गेला. सगळे प्रयोग पुन्हा करायचे, सरळ शिवलेल्या वहीत, आणि प्रत्येक पानावर त्या कनिष्ठ मुलीची साक्षीची सही. संशोधनवृत्तीच्या अर्जाची मुदत त्याआधीच संपत होती. ती संपली, त्या दिवशी मी नळ्या धूत होते.

साठ अंशांवर या वेळी सहा नळ्या घेतल्या. चार जुन्या आकड्यांजवळ आल्या, दोन बऱ्याच खाली.

"ताई, हे लोवाले ठेवायचे?" तिने सही करण्याआधी विचारलं.

"ठेवायचे."

तिने सही केली. अजून पासष्ट अंश बाकी होते. मी पुढची नळी यंत्रात ठेवली आणि पडद्याकडे पाहण्याआधी पेन कागदावर टेकवलं. घाईत आकडा जरा वाकडा लिहिला गेला; तो तसाच राहू दिला.