रिक्षावाल्याची भाकरी

सांगलीत आईला गुडघ्याच्या डॉक्टरांकडं न्यायचं होतं. भर दुपारी मोबाइलवरून रिक्षा बोलावली. दोघांनी भाडं घेतलं आणि लगेच रद्द केलं. तिसऱ्यानं फोन करून विचारलं, "कुठं जायचंय?" आता हाही रद्द करणार, या विचारानं माझं डोकंच फिरलं. "एकदा भाडं घेतल्यावर नाही म्हणता येत नाही, नियम आहे!" मी ओरडले. त्यानं फोन ठेवला आणि भाडं रद्द केलं.

आईनं माझ्या हातातला मोबाइल काढून घेतला आणि त्याच नंबरावर फोन लावला.

"जेवलास का रं?"

"न्हाई मावशी, जेवायलाच घरी निघालोय."

"मग हिकडं ये. भाकरी खा, आन् मला सोड."

दहा मिनिटांत तो आमच्या कट्ट्यावर बसून पिठलं-भाकरी खात होता. मी धुसफुसतच त्याला ताक वाढलं.

जेवून झाल्यावर त्यानं आईला हाताला धरून रिक्षात बसवलं. बसल्या बसल्या ती म्हणाली, "आज भाकरी मिळाली म्हणून आलास. उद्या एखादीला भाकरी थापायला उठताच येईना, तर तिला बी नेशील न्हवं?"

मी नियम सांगितला तेव्हा फोन ठेवून देणारा तो गडी आता मान खाली घालून म्हणाला, "व्हय, मावशी."