वायव्येची टाकी

गावाबाहेर आमचं नवं घर झालं. इकडे ड्रेनेज नाही, म्हणून सेप्टिक टँक खणायला घेतला, तोही कुंपणाला चिकटून. कुंपणापलीकडे शेजारच्या काकूंची विहीर.

"अहो, शोषखड्ड्यातलं पाणी त्यांच्या विहिरीत झिरपेल. त्या कोपऱ्यात घ्या ना," मी नवऱ्याला म्हटलं.

"ती ईशान्य! देवाची दिशा. टाकी वायव्येलाच हवी."

देवाला वास येऊ नये म्हणून दुसऱ्याच्या पिण्याच्या पाण्याशेजारी आपली घाण! आमचं सोवळं कुंपणापाशी संपतं.

टाकी झाली. आज वास्तुशांत. गुरुजींना कलशात बोअरचं पाणी चालेना, विहिरीचंच हवं. नवरा सोवळ्यातच कुंपणापाशी गेला. काकूंनी कळशी भरून दिली.

"लागेल तेव्हा मागा हो," त्या हसून म्हणाल्या. "विहीर तुमचीच समजा."